पैलवान उभा राहीना

१

पैलवानाला कुणीतरी मारलंय, यावर कासार आंबोलीच्या त्या बंगल्यात सगळ्यांचं एकमत होतं. ज्याच्यावर आरोप होता, त्याचंसुद्धा. एवढं एकमत दिसलं की माझं डोकं उठतं. चार माणसं एका बाजारात भाजीच्या भावावर एकमत करत नाहीत, आणि इथे सगळे कसे माना डोलावतायत?

आधी माझं सांगते. मी मेधा. नोकरीभर जनावरांच्या विम्याचे दावे तपासले. म्हैस खरंच मेली का, कशाने मेली, आणि कानातला बिल्ला त्याच म्हशीचा का, हे बघत बार्शीपासून जुन्नरपर्यंत गोठे पालथे घातले. आता निवृत्त होऊन मारुंजीला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहते आणि लिफ्ट बंद पडली की चिडते. आमच्या वरच्या मजल्यावर जुईली भाड्याने राहते. हिंजवडीत कंपनीत आहे, पोरगी गुणी आहे, पण सकाळी सहाला दार वाजवते.

त्या शनिवारी तिने वाजवलं आणि दारातच म्हणाली, "मावशी, काका बहिरूदादांना आज घालवतायत. पैलवानाला मारलं म्हणून. बहिरूदादा म्हणतायत, असेल मारलं. मला काही म्हणजे काहीच कळत नाहीये. तुम्ही चला ना."

"मारलं असं तो स्वतः म्हणतोय?"

"नाही. मारलं असेल, असं म्हणतायत."

मारलं आणि मारलं असेल, यात केवढा फरक आहे. मी चहासुद्धा न घेता निघाले, यावरून काय ते समजा.

२

जुईलीचे काका म्हणजे अण्णासाहेब. कॉलेजात शिकवायचे आणि एन.सी.सी. चालवायचे. राहतात पुण्यात. कासार आंबोलीची जमीन त्यांनी बहिरूकडूनच विकत घेतली, तिथे बंगला बांधला, आणि राखायला बहिरू आणि त्याची बायको रत्नाबाई यांनाच मागच्या खोलीत ठेवलं. म्हणजे बहिरू स्वतःच्याच जुन्या वावरात नोकर. हे मुळशीत आता इतकं झालंय की कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मला वाटतं, पण मला कोण विचारतो.

आणि पैलवान म्हणजे कारवान जातीचा कुत्रा. नाव पैलवान, अंगात मांस म्हणून नाही. लांब पाय, आत ओढलेलं पोट, धनुकलीसारखी पाठ. उद्या रविवारी पुण्यात कुत्र्यांचा शो होता आणि त्यात पैलवान उतरणार होता.

"शोमध्ये पळायचं नसतं हो मेधाताई, उभं राहायचं असतं," अण्णासाहेब मला समजावायला लागले. "पुढचे पाय खांद्याच्या बरोबर खाली, सरळ. मागचे किंचित मागे. मान वर. परीक्षक येऊन दात बघतो, पाठीवरून हात फिरवतो, तोवर हलायचं नाही. हे एवढंसं शिकवायला महिने जातात. एकेक पाय हाताने उचलून जागेवर ठेवायचा, ठेवला की हुकूम द्यायचा, लगेच उकडलेल्या कलेजीचा तुकडा. लोक इंग्रजीत हुकूम देतात. मी म्हटलं, कुत्रा आपला देशी, हुकूम देशी. मी 'सावधान' म्हणतो. सोडताना 'विश्राम'."

"आणि राहायचा उभा?"

"श्रावणात सुरू केलं. दसऱ्याला असा उभा राहायचा की बघणाऱ्याने फोटो काढावा. तुळशीचं लग्न झालं आणि पुढच्या रविवारपासून बिघडला. बघा तुम्हीच."

जुईलीने पैलवानाला मागच्या कुंपणाजवळच्या जाळीच्या खोलीतून आणलं. चांगला उड्या मारत आला, माझी साडी हुंगली. अण्णासाहेब त्याच्यासमोर ताठ उभे राहिले आणि एन.सी.सी.च्या खणखणीत आवाजात म्हणाले, "पैलवान, सावधान!"

कुत्र्याने पाय जुळवले. मान वर केली. आणि मग त्याच्या अंगातून थरथर सुरू झाली, शेपूट पायांत गेली, पाठीची कमान झाली आणि तो जमिनीला चिकटला. कलेजीचा तुकडा नाकापुढे धरला तरी त्याने तोंड उघडलं नाही. मला त्याच्याकडे बघवेना.

"रोज मार खाल्ल्याशिवाय जनावर असं करत नाही," अण्णासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला होता. "मी फक्त रविवारी सकाळी येतो, पौड रस्त्याला ट्रॅफिक व्हायच्या आत परत. बाकी आठवडाभर इथे कोण असतं? तुम्हीच सांगा."

 मी अंगणातली एक काठी उचलली आणि पैलवानाच्या डोक्यावर उगारली.

३

जुईली किंचाळलीच. पण पैलवानाने काय करावं? उठला, काठीचं टोक तोंडात धरलं आणि ओढायला लागला. मी चप्पल उगारली, त्याला तीही हवी होती. माझी चांगली चप्पल त्याने चावून ठेवली, ते राहू द्या.

मार खाल्लेलं जनावर मी हजार गोठ्यांत बघितलंय. हात वर गेला की ते आधी डोळे मिटतं. हा काठीला घाबरत नाही, माणसाला नाही, हाताला नाही. मग हा घाबरतो कशाला?

"जुईली, तू म्हण बरं सावधान."

जुईली अगदी हळू, लाडाने म्हणाली. पैलवान पुन्हा जमिनीला चिकटला. मग मी 'सावधान' म्हटलं, आणि मी तर त्याला जन्मात पहिल्यांदा भेटत होते. तेच.

म्हणजे मामला त्या शब्दाचा होता. कुणीतरी हा शब्द उच्चारत होतं आणि त्यानंतर काहीतरी वाईट करत होतं, काठीशिवाय. आता हा शब्द वापरणारं माणूस एकच. ताठ मानेचं, पांढऱ्या मिशांचं, माझ्यासमोर उभं. अण्णासाहेबांनाही ते कळलं असावं, कारण त्यांचा चेहरा पडला.

"मी त्याला बोटही लावलं नाही," ते म्हणाले.

"लावलं असं मी कुठे म्हटलं? आणखी कुणाला हा हुकूम माहीत आहे?"

"माले गावचा निरंजन. त्याची कुत्री उद्या आमच्याच गटात आहे. दोनदा येऊन बघून गेलाय."

निरंजनला तिथूनच फोन लावला. आवाज झोपेतला. तुळशीच्या लग्नापासून तो कुत्री घेऊन कर्नाटकात शोला फिरत होता, कालच परतला. "मला पैलवान उभा राहिलेलाच हवाय हो," तो म्हणाला. "पडलेल्या कुत्र्याला हरवून काय मिरवायचंय?" विम्यात खोटं बोलणारा माणूस फार गोड बोलतो, हा चिडका होता. मी त्याला सोडून दिलं.

उरला बहिरू. त्याच्या खोलीपुढे टेम्पो लागलेला दिसत होता.

४

टेम्पोत सामान चढत होतं, पण सगळं नाही. रत्नाबाई आपली पत्र्याची पेटी आणि भांडी वेगळी ठेवत होती. बहिरू उंबऱ्यावर बसला होता. पन्नाशीचा, उन्हाने काळा झालेला, दोन्ही हात गुडघ्यांत.

"दोघं कुठे जाणार?" मी विचारलं.

"दोघं न्हाई," रत्नाबाई म्हणाली. "मी मालेला भावाकडं. ह्यो जाईल कुटं जायचं तितं. बाई, माझा बाप दारू पिऊन बैलाला मारायचा. म्या ल्हानपनी समदं बघितलंय. मुक्या जनावराला मारनाऱ्याच्या घरात मी ऱ्हानार न्हाई, लगीन ठरतानाच सांगितलं व्हतं."

"तुम्ही मारताना बघितलंत?"

"बघितलं न्हाई तर काय. तुळशीच्या लग्नानंतरचीच गोष्ट. पिऊन आला, आन् पैलवानापुढं जाऊन हुबा. सायबावानी म्हनला, सावधान. म्या मागनं बघत व्हते. ह्याचा हात वर, आन् कुत्रं केकाटलं. आजून कानात हाय माझ्या."

मी बहिरूकडे वळले. "काय रे बाबा?"

"मला आठवत न्हाई, ताई," तो म्हणाला. "देवाशप्पत आठवत न्हाई. चातुर्मासात मी थेंब घेत न्हाई. तुळशीचं लगीन झालं की ह्या शेजारच्या लॉनवर लग्नं सुरू व्हत्यात. गाड्या लावायला मी जातो, रत्ना पोळ्या लाटाया जाते. वऱ्हाडी मंडळी बाटली देत्यात. ज्या दिशी लगीन त्या दिशी पेतो. आन् ज्या दिशी पेतो त्याच्या दुसऱ्या दिशी पैलवान जेवत न्हाई, थरथरतो. आता तुमीच सांगा, ह्येचा अर्थ काय लावायचा? मारलं आसंल मीच. दुसरं कोन हाय हितं?"

 माणूस चोरी लपवतो, मारामारी लपवतो. हा गडी आपण न बघितलेला गुन्हा स्वतःच्या गळ्यात बांधून बसला होता, कारण हिशेब जुळत होता. आणि हिशेब खरंच जुळत होता, हीच तर पंचाईत. दसऱ्यापर्यंत तो पीत नव्हता, कुत्रा ठणठणीत. तुळशीच्या लग्नानंतर प्यायला लागला, कुत्रा बिघडला. विम्याच्या कागदावर मी असा दावा डोळे झाकून मंजूर केला असता.

पण तो बोलत असताना पैलवान आला, आणि बहिरूच्या पायांवर हनुवटी ठेवून झोपला.

५

डोक्याचा पार भुगा झाला होता. मी जाळीच्या खोलीमागे कुंपणापाशी जाऊन उभी राहिले. तिथे जमिनीवर जळक्या सुतळीचे आणि कागदाचे तुकडे पडले होते. दिवाळीची घाण अजून कुणी झाडली नाही, असं मनात म्हणून मी नाक मुरडलं. कुंपणापलीकडेच ते लॉन. या वर्षीच सुरू झालेलं, मोठा मांडव, फुलांची कमान, आणि खांबावर आमच्या दिशेने तोंड केलेला लाउडस्पीकर.

बहिरू लग्नाच्या दिवशी नेमका कुठे असतो, हे तिथल्या मॅनेजरला विचारावं म्हणून मी गेले. मॅनेजर कैलास, गावचाच पोरगा, कानाला दोन फोन. आजही लग्न होतं.

"बहिरूकाका?" तो म्हणाला. "गाड्या लागायला लागल्या की हितं. पंगती उठेपर्यंत हलत न्हाईत. लगीन लागायच्या वेळंला तर गेटवरच आसत्यात. रत्नाकाकू आत पोळ्यांवर. मधी घरी कोन जातंय?"

म्हणजे लग्नाच्या दिवशी दुपारी बंगल्यात कुणीच नसायचं. कुत्रा एकटा. मग त्याला घाबरवतं कोण? भूत? मला आता स्वतःचाच राग यायला लागला होता.

तेवढ्यात अंतरपाट धरला गेला. कैलासने माझ्या हातात अक्षता कोंबल्या आणि धावत मागे गेला. मीही मागे गेले, कारण त्याला आणखी एक विचारायचं होतं. तो कुंपणाशी एका माणसाला सांगत होता, "नथू, मांडवाजवळ न्हाई, कापड पेटंल. हितंच लाव. भटजीचं शेवटचं झालं की लगीच."

नथू नावाच्या त्या माणसाने सुतळी बॉम्ब कुंपणाच्या पायथ्याशी मांडले. आणि लाउडस्पीकरवर भटजींनी पहिली मंगलाष्टका सुरू केली. लांबलचक ओढून शेवटाला आले, "शुभ मंगल सावधान."

लोकांनी अक्षता टाकल्या. मीही टाकल्या, सवयीने. मग माझा हात तसाच हवेत राहिला.

कुंपणाच्या फटीतून पैलवानाची खोली दिसत होती. मधल्या वेळात जुईलीने त्याला आत सोडलं होतं. तो उठून उभा राहिला होता. पुढचे पाय खांद्याखाली सरळ, मागचे किंचित मागे, मान वर. समोर कुणी नव्हतं. कलेजी नव्हती. तरी तो उभा होता आणि वाट बघत होता.

दुसरी मंगलाष्टका संपली. सावधान. त्याने पुन्हा पाय नीट केले. तिसरी. आता तो थरथरायला लागला होता, तरी पाय हलवत नव्हता.  एकेका मंगलाष्टकेला ते मुकं जनावर आपलं काम चोख करत होतं आणि त्याला विश्राम म्हणणारं कुणी नव्हतं. लग्नात विश्राम कोण म्हणतो?

शेवटचं सावधान झालं. तुतारी वाजली, आणि माझ्या पायाशी बॉम्ब फुटले.

६

संध्याकाळच्या आत सगळ्यांना अंगणात उभं केलं. अण्णासाहेब, जुईली, रत्नाबाई, आणि टेम्पोच्या चाकाला टेकून बहिरू. टेम्पोवाला सोडून सगळे माझ्याकडे रागाने बघत होते.

मी फोनवर कैलासला सांगितलं, "मांडव रिकामा झाला ना? फटाका नको, वाजंत्री नको. माइकवर फक्त मी सांगितलंय तेवढं म्हण."

लाउडस्पीकर खरखरला. कैलासच्या सपाट आवाजात ऐकू आलं, "शुभ मंगल." पैलवान आपला टेम्पोचं चाक हुंगत होता. मग, "सावधान."

कुत्र्याने पाय जुळवले, थरथरला आणि पोटावर सरपटत टेम्पोखाली गेला.

 मग अण्णासाहेब खाली बसले, चक्क मातीत, पांढऱ्या पॅन्टसकट.

"श्रावणात शिकवलंत तेव्हा चातुर्मास होता," मी म्हटलं. "लग्नं बंद. त्याच्या जगात हा शब्द फक्त तुमचा होता. तुळशीचं लग्न लागलं आणि पलीकडून दर मुहूर्ताला हाच हुकूम यायला लागला. दर मंगलाष्टकेला एकदा. तो बिचारा दर वेळी उभा राहायचा, आणि शेवटच्याला त्याच्या कानाशी बॉम्ब. तुम्ही असायचात रविवारी सकाळी. मुहूर्त लागतो दुपारी. हे दोघं पलीकडे कामावर. बघायला कोण होतं?"

"पण आम्हाला ऐकू आलं कसं नाही?" जुईली म्हणाली. "इतकी लग्नं आपण—"

"ऐकतो कुठे आपण? शुभमंगलसावधान. एका दमात, एक घोट. त्यात सावधान नावाचा वेगळा शब्द आहे हे मी इतकी वर्षं अक्षता टाकूनही ऐकलं नव्हतं. त्या शब्दाला ज्याच्या लेखी अर्थ होता असा एकच प्राणी या शिवारात होता."

"आन् ह्येचा हात वर व्हता त्ये?" रत्नाबाईने विचारलं. तिचा आवाज आता तेवढा कडक नव्हता.

"तुम्ही मागून बघत होतात. हात वर होता, पण कुठपर्यंत? आठवून सांगा. डोक्याच्या वर गेला होता का?"

रत्नाबाईने डोळे मिटले. तिचा स्वतःचा हात नकळत वर गेला आणि कपाळाशी थांबला.

"सायबावानी," ती हळू म्हणाली. "सलाम केल्यावानी."

"तेच. पिऊन साहेबाची नक्कल करत होता. सावधान म्हणाला आणि कुत्र्याला सलाम ठोकला. कुत्रं सलामाला नाही, शब्दाला केकाटलं. आणि लग्नाच्या दिवशीच बहिरू पितो, लग्नाच्या दिवशीच बॉम्ब फुटतात. दोन्ही एकाच लग्नाची पोरं. आपण सगळ्यांनी एकाला दुसऱ्याचा बाप ठरवलं."

जुईली टेम्पोखाली वाकली. पैलवानाला चुचकारून बाहेर काढलं, एकेक पाय हाताने उचलून जागेवर ठेवला आणि काहीही न बोलता गळ्यातली दोरी वर धरली. तो आधी इकडेतिकडे बघत राहिला. मग त्याने मान वर केली आणि राहिला उभा. लाउडस्पीकर गप्प होता. जुईलीने त्याला कलेजी दिली आणि ती रडायला लागली, आनंदाने की कशाने, मी विचारलं नाही.

"पुढच्या हुकुमाला लग्नात नसलेला शब्द शोधा," मी अण्णासाहेबांना म्हटलं. "आणि खोली कुंपणापासून हलवा."

त्यांचं लक्ष नव्हतं. ते उठून बहिरूसमोर गेले.  "बहिरू," ते म्हणाले, "सामान उतरव. माझं चुकलं."

बहिरू हलला नाही. तो पैलवानाकडे बघत होता.

"मंजी मी न्हाई मारलं?" त्याने मला विचारलं.

"नाही."

"पेलेलो आसतानाबी?"

"पिणं वाईटच आहे, ते तुझी बायको बघून घेईल. पण मारलं नाहीस."

त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. रत्नाबाई पेटीजवळ उभी होती, तिच्याकडे त्याने एकदा बघितलं. मग अण्णासाहेबांना म्हणाला, "सायेब, त्या दिशी तुमी मला हितंच इचारलं व्हतं, हिच्याम्होरं. मी आसंल म्हनलो. आता परत इचारा."

"अरे, आता कशाला? सगळं कळलंय."

"तुमाला कळलं. मला सांगायचं ऱ्हायलं. इचारा."

अण्णासाहेब क्षणभर गोंधळले. मग नीट उभे राहिले आणि मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बहिरू, तू पैलवानाला मारलंस का?"

"न्हाई," बहिरू म्हणाला.

रत्नाबाईने पेटी उचलली आणि घरात नेली.